परदेशी मिशनऱ्यांना मंडळ्यांचा आधार (सोलापूर)

सोलापूरचे अमेरिकन मराठी मिशन : अमेरिकेतील काँग्रिगेशनल पंथाच्या मंडळ्यांनी (स्थानिक चर्चांनी) वर्गणीवर चालवलेले मिशनकार्य. सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली आणि १८६२ च्या सुमारास मिशनने येथे ठाणे उघडले. चार्ल्स हार्डिंग, लॉरिन गेट्स हे येथील आरंभीचे मिशनरी. त्यांचा पगार, बंगल्याचे बांधकाम, शाळांचा खर्च आणि मराठी उपदेशकांची वेतने यांचा मोठा भाग समुद्रापलीकडून येई.

मॅसॅच्युसेट्समध्ये १८१० साली स्थापन झालेले ‘अमेरिकन बोर्ड’ हे मिशनरी पाठवणारे मंडळ म्हणजे या व्यवस्थेचा कणा. बोर्डाने ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पहिल्या पाच मिशनऱ्यांना दीक्षा दिली. त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. मुंबईतून अहमदनगर (१८३१) आणि नगरहून सोलापूर, असा या मिशनचा विस्तार झाला.

मंडळ्यांची मदत केवळ दानपेटीत पडलेल्या पैशापुरती नव्हती. अमेरिकेत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी मिशनकार्यासाठी खास प्रार्थनासभा भरत. तेथे ‘मिशनरी हेरल्ड’ मासिकातील पत्रे वाचली जात आणि वर्गणी गोळा होई. मुलांना घरी नेण्यासाठी वर फट असलेल्या लहान पेट्या देत. वर्षभर त्यांत सुटी नाणी साठत. सोलापूर हे नाव अशा रीतीने तिकडच्या खेड्यांतील मुलांच्या कानी पडले. मिशनरीचे पत्र म्हणजे या सगळ्याचा श्वास. ते आले नाही, की वर्गणीही आटे. त्यामुळे जाहीर पत्रांत दुःखाची आणि यशाची वर्णने थोडी गडद उतरत. सोलापूर भागाचा इतिहास लिहिताना ही पत्रे अमोल आहेत, पण ती देणगीदारासाठी लिहिलेली आहेत हे वाचकाने सतत ध्यानात ठेवले पाहिजे.

स्त्रियांनी १८६८ मध्ये बोस्टनला स्वतंत्र महिला बोर्ड काढले. अविवाहित शिक्षिकांना पाठवणे आणि पोसणे हे त्याचे मुख्य काम. सोलापुरात त्याचे फळ ठळकपणे दिसते. मेरी हार्डिंग यांनी येथे बालवाडी आणि बालवाडी-शिक्षिकांचे प्रशिक्षण चालवले. एस्थर फाउलर यांनी मुलींची वोरोनोको शाळा सांभाळली. वोरोनोको हे मॅसॅच्युसेट्समधील वेस्टफील्ड परिसराचे जुने नाव. सोलापूरच्या मुलींनी आपल्या शाळेचे नाव म्हणून ते वर्षानुवर्षे उच्चारले.

पैशाबरोबर हुकूमही येई. ठाण्यांवरील मिशनरी वर्षाच्या खर्चाचा अंदाज बोस्टनला, बोर्डाच्या कचेरीकडे, पाठवत आणि मंजुरी तेथून मिळे. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले. स्थानिक मंडळीने स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च आणि स्वतःचा प्रसार स्वतः करावा, हे त्यांचे तत्त्व होते. या काळातच नगरला रामकृष्ण मोडक व हरी रामचंद्र खिस्ती यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. हे पाऊल काळाच्या पुढचे होते. मात्र इंग्रजी शाळांवर खर्च नको या अँडरसन यांच्या आग्रहामुळे वाद झाले. कोल्हापूरचे मिशनरी रॉयल वाइल्डर यांचे बोर्डाशी बिनसले. बोर्डाने कोल्हापूरचे ठाणे सोडले. वाइल्डर १८६१ मध्ये स्वतःच्या हिमतीवर तेथे परतले आणि १८७० मध्ये हे काम प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले. वर्गणी कुणाची आणि निर्णय कुणाचा, हा प्रश्न इतका उघडपणे पश्चिम महाराष्ट्रात क्वचितच उभा राहिला असेल.

दुष्काळात या व्यवस्थेची खरी परीक्षा झाली. १८९० च्या दशकात अमेरिकेतील मंदीमुळे बोर्ड कर्जात होते आणि ठाण्यांचे अनुदान कापले जात होते. त्याच सुमारास १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. सोलापूर जिल्हा मुळातच कमी पावसाचा. येथे त्यांची झळ भयंकर होती. तेव्हा नेहमीच्या वर्गणीपलीकडे स्वतंत्र निधी उभे राहिले. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ साप्ताहिकाने पुढाकार घेतला आणि १९०० मध्ये ‘क्विटो’ जहाजातून मका मुंबईस आला. दुष्काळात पोरकी झालेली मुले मिशनच्या वसतिगृहांत आली. एकेका मुलाचा खर्च दूरच्या एखाद्या मंडळीने किंवा रविवारच्या शाळेने उचलण्याची पद्धत होती. मुले जगली. त्यांचे संगोपन ख्रिस्ती वळणाने झाले यावर तेव्हाही टीका होती आणि ती अदखलपात्र नाही. पण त्या काळी उपाशी मुलाच्या तोंडी घास घालणारे हात थोडे होते, हेही तितकेच खरे.

काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणाऱ्या ब्रिटिशकालीन गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापुरात वसवलेल्या ‘सेटलमेंट’चे (वसाहतीचे) व्यवस्थापन काही काळ याच मिशनकडे होते. येथे मदत आणि सरकारी सक्ती यांची गल्लत झाली. शाळा, गिरणीतील रोजगार आणि धर्मोपदेश एकीकडे. हजेरी आणि बंदी दुसरीकडे. मिशनच्या साऱ्या कामात हा भाग सर्वांत अडचणीचा मानावा लागेल. त्या जमाती १९५२ मध्ये ‘विमुक्त’ झाल्या.

परदेशी पैसा ओसरू लागला तसे मराठी मंडळ्यांचे बळ दिसू लागले. उत्पन्नाचा दशांश, कापणीच्या सणात वेदीपुढे ठेवलेली ज्वारी, कोंबड्या, भाजी आणि नंतर मंडळीतच होणारा त्यांचा लिलाव, ही येथील वर्गणीची रूढ साधने. २५ डिसेंबर १९०५ रोजी सेरामपूर येथे स्थापन झालेल्या नॅशनल मिशनरी सोसायटीने भारतीय मिशनऱ्यांना भारतीय पैशावर पाठवण्याचा पायंडा पाडला. अमेरिकन बोर्ड १९६१ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या जागतिक सेवा मंडळात विलीन झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील मंडळ्या तिच्यात सामील झाल्या.