डेंटचा खटला आणि दंतवैद्याचा परवाना

छत्रपती संभाजीनगरातील शासकीय दंत महाविद्यालय 1982 सालचे. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. अशा महाविद्यालयातून बी.डी.एस. झालेला दंतवैद्य अमेरिकेत गेला की त्याला बहुधा पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते. आपल्याकडे ही गोष्ट अपमानाच्या सुरात सांगितली जाते. तो सूर आम्हांला तितकासा पटत नाही. कारण ही अट मुळात परक्यांना अडविण्यासाठी जन्मलेली नाही.

अमेरिकेत परवाना देतात ती राज्ये, केंद्र सरकार नव्हे. अलाबामाने दंतवैद्यकीवर पहिला कायदा केला तो 1841 साली, बाल्टिमोरचे दंत महाविद्यालय निघाल्याच्या पुढच्याच वर्षी. परंतु या अधिकाराची खरी कसोटी लागली ती एका सामान्य वैद्याच्या खटल्यात. त्याचे आडनाव डेंट, हा निव्वळ योगायोग. (लॅटिनमधील दाताचा शब्द आणि आपला ‘दंत’ सख्खे भाऊ आहेत, हे भाषेच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको.) वेस्ट व्हर्जिनियाच्या कायद्याने वैद्याला तीन वाटा ठेवल्या होत्या : मान्य महाविद्यालयाची पदवी, त्या राज्यातला सलग दहा वर्षांचा व्यवसाय किंवा परीक्षा. फ्रँक डेंट 1876 पासून वैद्यकी करीत होता, म्हणजे दहा वर्षे भरत नव्हती. आणि सिनसिनाटीची त्याची पदवी मंडळाने मानली नाही. पदवी होती आणि नव्हतीही! 1889 साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याची बाजू उचलून धरली. रुग्णाला वैद्याची पारख करता येत नाही, म्हणून ती राज्याने करावी. आणि अट अभ्यासाने गाठता येण्याजोगी असेल तर ती अन्यायाची नव्हे, असा त्या निकालाचा आशय.

आपल्या 1948 च्या दंतवैद्य कायद्याने याच पेचातून निराळी वाट काढली. (कायदा झाला त्या मार्च महिन्यात औरंगाबाद अजून निजामाच्या राज्यात होते.) नोंदवहीचे दोन भाग केले गेले : ‘अ’ भागात पदवीधर आणि ‘ब’ भागात पदवी नसलेले, पण निदान पाच वर्षे याच धंद्यावर पोट भरणारे. कायद्याने हाताच्या कसबाला जागा दिली, मात्र वेगळ्या पंगतीत. डेंट इथे असता तर कदाचित ‘ब’ भागात बसला असता.

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत आज अशी पंगत नाही. तेथील राष्ट्रीय परीक्षेचे पूर्वीचे दोन भाग जाऊन 2020 पासून एकच एकत्रित परीक्षा आली; न्यूयॉर्कने तर 2007 पासून प्रात्यक्षिक परीक्षेच्या जागी पदव्युत्तर निवासी प्रशिक्षणच सक्तीचे केले. तरीही आपल्या पदवीधराला बहुतेक ठिकाणी तेथील मान्यताप्राप्त महाविद्यालयात दोन-तीन वर्षे काढून त्यांची पदवी घ्यावीच लागते. एकाच पदवीची तेथे दोन नावे आहेत, डी.डी.एस. आणि डी.एम.डी., आणि दोन्हींचा मान सारखा. बी.डी.एस. हे तिसरे नाव त्या घरात बसत नाही.

डेंटच्या निकालातील कसोटी लावली तर ही अट अभ्यासाने गाठता येते, यात शंका नाही. शुल्काचा विचार मात्र त्या कसोटीत नव्हता. मराठवाड्यातील मुलीला ते शुल्क कर्जाने भरायचे असते, आणि एवढ्या मोठ्या कर्जाला बँक बहुधा तारण मागते.