शेवटच्या पन्नास मैलांची हकिगत

सन 1948 च्या जून महिन्यात आठवड्याभराच्या अंतराने दोन गोष्टी सुरू झाल्या. 1 जूनला अहमदनगरहून (आताचे अहिल्यानगर) पुण्याला राज्य परिवहनाची पहिली बस सुटली. चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. 8 जूनला एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. विमानाची हकिगत टाटांच्या निमित्ताने पुष्कळदा सांगितली गेली आहे. बसची तितकी नाही. पण इंग्लंडात स्थायिक झालेल्या आपल्यासारख्यांचे घरी जाणे या दोन्हींवर अवलंबून राहिले, आणि प्रवासाचा खरा दम लागला तो बहुधा दुसऱ्या भागात. हीथ्रो ते मुंबई हे अंतर नऊ-दहा तासांवर आले, तरी मुंबई ते आजोळ हा प्रश्न शिल्लक राहिलाच.

मी कोकणातला, म्हणून उदाहरण कोकणाचे घेतो. देशावरच्या आणि विदर्भातल्या मंडळींनी आपापली गाडी आठवावी.

मुंबईत 1850 नंतर कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि रत्नागिरी जिल्ह्यातला तरुण त्यांत कामाला गेला. बायकामुले आणि शेत गावी, पगार मुंबईत. ‘चाकरमानी’ हा शब्द या विभागलेल्या संसारातून रूढ झाला. त्याला घरी नेत असे ती आगबोट. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोट पणजीकडे जाई. बहुतेक ठिकाणी धक्क्याला लागण्याइतके पाणी नसे. बोट बाहेर खोल समुद्रात उभी राही आणि खलाशी पडाव घेऊन येत. हलत्या बोटीतून हलत्या पडावात ट्रंका, वळकट्या, पोरे आणि म्हाताऱ्या उतरवल्या जात. कित्येकांना ‘बोट लागे’, म्हणजे मळमळून सारा प्रवास आडवे पडून काढावा लागे. पुढे हाच शब्दप्रयोग एसटीच्या वाट्याला गेला आणि आपण ‘गाडी लागली’ म्हणू लागलो. विमान लागल्याचे मात्र कोणी म्हणत नाही. तिथे जेट लॅग हा साहेबी आजार होतो!

बोट अवेळी आली, किंवा बंदरापासून गाव दहा-पंधरा मैल आत असला, तर उतारू रात्री जाणार कुठे? बंदरगावातल्या नातेवाइकाकडे. मालवण-वेंगुर्ल्यासारख्या गावांतली कित्येक घरे यामुळे आतल्या गावांशी जोडलेली राहिली. लांबची मावशी, आत्तेचे दीर, शेजाऱ्याचे व्याही, सगळे एका ओटीवर झोपत. हे नाते प्रेमाने टिकले तसेच बोटीच्या वेळापत्रकानेही टिकले, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावसाळ्यात दूरच्या कोकणबोटी बंद असत. म्हणजे ज्या गणपतीसाठी आज अख्खी मुंबई कोकणात रिकामी होते, नेमका तोच काळ चाकरमान्याला सर्वांत अवघड. एक मार्ग घाटावरून होता. कोल्हापूरपर्यंत आगगाडी 1891 मध्ये पोचली होती. तिथवर रेल्वेने जाऊन मग फोंड्याच्या किंवा आंबोलीच्या घाटाने खाली उतरायचे. पण हा वळसा वेळेचा आणि पैशाचा. शिमगा आणि मे महिना यांचे कोकणी माणसाला इतके महत्त्व का, याचे थोडे उत्तर त्या वेळी समुद्र शांत असण्यातही आहे.

जवळच्या फेऱ्या मात्र पावसातही चालत. 17 जुलै 1947 रोजी, आषाढी अमावास्येला, ‘रामदास’ ही बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत वादळी लाटांत बुडाली. सुमारे सातशे माणसे गेली. त्यांत सणासाठी घरी निघालेले पुष्कळ होते. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते आणि त्या धामधुमीत देशाच्या इतिहासाने ही घटना बाजूला ठेवली. रायगडच्या किनाऱ्यावरच्या घरांनी ठेवली नाही.

एसटी आली आणि हळूहळू बोटीचे महत्त्व ओसरले. 1973 मध्ये ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल झाला आणि मुंबईहून पनवेलकडे जाणाऱ्या गाडीचा ठाण्याचा फेरा चुकला. कशेडीचा घाट आणि चिपळूणजवळचा परशुरामाचा घाट चढत-उतरत रातराणी सकाळी गावाकडे लागे. माझ्या दृष्टीने मात्र एसटीचे खरे कर्तृत्व महामार्गावर नाही, ते ‘वस्तीच्या गाडी’त आहे. संध्याकाळी तालुक्याहून निघालेली ही गाडी शेवटच्या गावात मुक्काम करी. चालक-वाहक तिथेच जेवून झोपत आणि पहाटे तीच गाडी परत निघे. त्या गाडीतून औषधे येत, वर्तमानपत्र येई, फणस जाई, आणि कंडक्टरकडे तोंडी निरोपही देता येई. सुट्टीवर आलेला पाहुणा कोण, कुणाकडे उतरला, किती सामान घेऊन आला, हे तो घरी पोचण्याआधी गावाला कळे. खासगीपणाची सवय लागलेल्या आपल्या मुलांना हे जाचक वाटेल. पण गाडीत दीड तास एका बाकावर बसलेला माणूस भेटला, असे मानण्याची आपली रीत होती, आणि निम्म्या भेटीगाठी तिथेच उरकत.

रेल्वे सर्वांत उशिरा आली. बॅरिस्टर नाथ पैंनी संसदेत ती मागणी लावून धरली. पुढे मधू दंडवते यांनी ती पुढे नेली. 1990 मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन यांच्याकडे काम सोपवले गेले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे 740 कि.मी.चा मार्ग 26 जानेवारी 1998 रोजी राष्ट्राला अर्पण झाला. करबुड्याचा साडेसहा कि.मी.चा बोगदा, रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा 64 मीटर उंच पूल, ही नावे आपण अभिमानाने घेतो. ते योग्यच. रात्री मुंबईत गाडीत बसलेला मनुष्य सकाळी कुडाळला उतरू लागला, आणि तेही भर पावसाळ्यात.

पण या मार्गाने कोकणाची दारे बदलली, याची नोंद कमी घेतली जाते. लोहमार्ग किनाऱ्यापासून आत, डोंगरांच्या कडेने गेला. त्यामुळे हर्णै, देवगड, मालवण, वेंगुर्ले या जुन्या दारांना स्टेशन नाही. कणकवली-कुडाळ पुढे आली आणि बंदरे प्रवासाच्या शेपटीला गेली. ‘सावंतवाडी रोड’मधला तो ‘रोड’ एवढेच सांगतो, की शहर अजून पुढे आहे. पूर्वी आतल्या गावचा माणूस बंदरावरच्या नातेवाइकाकडे टेके. आता बंदरावरचा माणूस स्टेशनवरून थेट रिक्षाने घरी जातो. मधले घर प्रवासातून गळले, आणि काही वर्षांनी नात्यातूनही.

आपण परदेशस्थ तर याच्याही पुढे गेलो. दोन आठवड्यांची रजा, म्हणून विमानतळावरूनच मोटार ठरवतो. सोय आहे, आणि वयस्कर माणसे बरोबर असली की दुसरा इलाज नसतो. पण गावी राहिलेल्यांना तो पर्याय नाही, हे ऑक्टोबर 2021 च्या अखेरीपासून एप्रिल 2022 पर्यंत लांबलेल्या एसटी संपात दिसले. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. त्यात ज्या दोन एसटी वाहून गेल्या त्यांपैकी एक राजापूरहून बोरिवलीला निघाली होती, दुसरी जयगडहून मुंबईला. कोणी घर सोडून निघाले होते, कोणी घरी.

गेल्या काही वर्षांत सरकारने दोन सवलती दिल्या: ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत, आणि 17 मार्च 2023 पासून स्त्रियांना अर्धे तिकीट. महामंडळाच्या तिजोरीची चर्चा तज्ज्ञांनी करावी. पण तिकिटाला पैसे मागावे लागतात म्हणून माहेरी जाणे टाळणाऱ्या बाया आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. तालुक्याच्या स्टँडवर आता दुपारच्या गाडीत त्या दिसतात, पिशवीत भाजी आणि नातवंडाला खाऊ घेऊन.

येत्या गणपतीला जाणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. आपण लंडन-मुंबई तिकीट सहा महिने आधी काढून ठेवतो. रेल्वेचे आगाऊ आरक्षण मात्र नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडते, आणि सणाच्या गाड्या पाहता पाहता भरतात. गावी पुतण्या-भाचा असेल तर त्याला आताच सांगून ठेवावे. नाहीतर मुंबईत उतरून एसटी स्टँड गाठावा.