वेलँड : एक्सच्या सावलीतून बाहेर

लिनक्सच्या डेस्कटॉपवर एक्स विंडो सिस्टिमने इतकी वर्षं काढली की तिच्या खोडी लोकांच्या अंगवळणी पडल्या होत्या. १९८४ मध्ये ती एमआयटीत जन्मली आणि १९८७ मध्ये आलेली तिची अकरावी आवृत्तीच पुढे चालत राहिली. तिच्यात एखादा मेनू उघडा राहिला, तर स्क्रीन लॉकच होत नसे. मेनूने माउस आणि कीबोर्ड अडवून धरलेला असायचा, आणि लॉक लावणारा प्रोग्रॅम एक्सच्या लेखी इतर चारचौघांसारखाच. एका खिडकीत टाइप केलेला पासवर्ड दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचता येई, तो याच मोकळ्या कारभारामुळे.

२००८ मध्ये रेड हॅटमधल्या क्रिस्तियान होग्सबर्गने फावल्या वेळात नवी मांडणी सुरू केली. मॅसॅच्युसेट्समधल्या वेलँड गावातून गाडीने जाताना ती डोक्यात पक्की झाली, म्हणून नावही तेच. तो स्वतः एक्सवर काम करणारा. त्यामुळे डागडुजी कुठवर पुरेल हे त्याला ठाऊक होतं.

एक्समध्ये खिडक्या एकत्र रचून चित्र तयार करायचा कंपोझिटर, पण क्लिक कोणत्या खिडकीवर पडलं हे ठरवायचा एक्स सर्व्हर. कंपोझिटरने खिडकी लहान करून दाखवली, तरी सर्व्हरला त्याची खबर नाही. वेलँडने मधला सर्व्हरच काढला. कंपोझिटर हाच सर्व्हर झाला. प्रत्येक प्रोग्रॅम मेमरीतल्या आपल्या बफरमध्ये चित्र काढून त्याच्या हवाली करतो, शेजाऱ्याच्या घरात डोकावत नाही.

ऑक्टोबर २०१२ मध्ये १.० आवृत्ती आली. खरी दमछाक इथून पुढची. वेलँडवर जाऊ म्हणणाऱ्या, उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने २०१३ मध्ये ‘मिर’ नावाची वेगळी चूल मांडली. उबुंटूने २०१७ मध्ये वेलँड घेतलं, पण १८.०४ या आवृत्तीत पुन्हा एक्सकडे तोंड वळवलं. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने बफर हाताळण्याची स्वतःची पद्धत रेटली आणि सगळ्यांची पद्धत स्वीकारायला २०२१ उजाडलं. प्रोग्रॅममध्ये अशा भिंती घातल्यामुळे स्क्रीन शेअर करणंही अडलं. त्यासाठी चित्र पोहोचवणारं पाइपवायर आणि परवानगी विचारणारी ‘पोर्टल्स’ उभी करावी लागली. माझ्या मते ही कामं मूळ प्रोटोकॉलपेक्षा किचकट होती.

फेडोरा या लिनक्स वितरणाने मात्र २०१६ मध्येच, २५व्या आवृत्तीत, वेलँडला पहिली पसंती दिली होती. केडीईचा ‘प्लाझ्मा ६’ हा डेस्कटॉप फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच वाटेने आला. एक्ससाठी लिहिलेले जुने प्रोग्रॅम आजही एक्सवेलँड या दुव्याच्या आधाराने चालतात, आणि बऱ्याच वापरकर्त्यांना त्याचा पत्ताही नसतो.