पाय रोवायला जागा

भरतपूरला केवलादेव महादेवाच्या देवळाजवळ एक दगडी फलक आहे. कुणा दानशूराचे नाव असेल, असे समजून मी वाचायला गेलो. पाहतो तो काय, शिकारींचा हिशेब! तारीख, पाहुणे, बंदुका आणि पडलेले पक्षी. १९०२ साली लॉर्ड कर्झन आले तेव्हा ५४०. आणि १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३. एका दिवसात!

मला आमचे मामा आठवले. शिकार बंद होण्यापूर्वी ते गावच्या तळ्यावर बदके मारायला जात. दोन-तीन मिळाली तरी स्वारी खूश. ते म्हणत, ‘‘नेम डोळ्यांनी नाही, पायांनी धरायचा.’’ उजव्या खांद्यावरून बार काढणाऱ्याने डावा पाय अर्धे पाऊल पुढे ठेवायचा, भार त्यावर द्यायचा. दस्ता गालापाशी आणायचा, मान खाली घालायची नाही. बदक ताशी साठ किलोमीटरने उडत असले, तर छरे पस्तीस मीटरवर पोचेपर्यंत ते दीड-दोन मीटर पुढे सरकते. म्हणून नळी पक्ष्याच्या मागून आणून त्याच्या पुढे न्यायची, चालत्या नळीनेच चाप ओढायचा आणि नंतरही हात थांबवायचा नाही. त्यासाठी सगळे अंग वळावे लागते. दलदलीत नेमके तेच जमत नाही. पाय रुतले की कंबर अडते, नळी थबकते आणि छरे शेपटीमागून निघून जातात. चिखल हाच बदकांचा राखणदार.

भरतपूर संस्थानाने तो राखणदारच बाजूला केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्या सखल भागात अजान बांधाचे पाणी खेळवले, मध्ये लहान बांध आणि वाटा घातल्या. बंदूकवाल्याला पाय रोवायला पक्की जागा मिळाली. चहूबाजूंनी बार सुरू झाले, की थव्यांनी उतरायचे कुठे? ४,२७३ या आकड्यात नेमबाजीइतकाच वाटा त्या मातीकामाचा आहे.

पुढे १९५६ मध्ये तेथे पक्षी अभयारण्य झाले. मुंबईच्या डॉ. सालिम अलींनी ही पाणथळ वाचवण्यासाठी आपले वजन खर्च केले. तरुणपणी तेही बंदूक चालवत, हे विशेष! १९८५ मध्ये ‘युनेस्को’ने तिला जागतिक वारसा म्हटले. शिकारीसाठी घातलेले बांधच आज पक्ष्यांसाठी पाणी धरतात. मात्र ते बाहेरून आणावे लागते; एखाद्या वर्षी ते आले नाही, तर बंदुकीवाचूनही तळी ओस पडतात.

संध्याकाळी मी त्याच बांधावर उभा होतो. डोक्यावरून तलवार बदकांचा थवा गेला. नकळत माझा डावा पाय पुढे सरकला आणि अंग थव्यामागून वळले. मामांची शिकवण अजून अंगात होती. हातात फक्त दुर्बीण होती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)