मंद आचेच्या भांड्याची गोष्ट

अमेरिकन पाककृतींमध्ये ‘आशियाई धाटणीच्या पोर्क नूडल्स’ हा प्रकार हमखास आढळतो. डुकराच्या खांद्याचे मांस, सोया सॉस, आले, लसूण हे सारे विजेच्या एका जाड भांड्यात घालायचे, झाकण ठेवायचे आणि कामावर निघून जायचे. सात-आठ तासांनी घरी आल्यावर नूडल्स मिसळायच्या. या भांड्याला ‘स्लो कुकर’ म्हणतात. गंमत अशी, की ज्या स्वयंपाकघरातून ही कल्पना निघाली तेथे डुकराचे मांस निषिद्ध होते.

शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, ज्यू धर्मनियमानुसार विस्तव पेटवता येत नाही. (कोकणातल्या बेने इस्रायलींना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले, ते त्या दिवशी त्यांचे तेलाचे घाणे बंद असत म्हणून.) मग शनिवारी गरम जेवण मिळणार कसे? लिथुएनियातील व्हिल्ना शहरात मांस, घेवड्याच्या बिया, बटाटे आणि जव एका भांड्यात भरून ते शुक्रवारीच बेकरीत नेऊन ठेवत. भट्टी विझली तरी तिच्यात साठलेली उष्णता रात्रभर पुरत असे. या पदार्थाचे नाव ‘चोलंट’.

व्हिल्नामधली ही हकिकत आयर्विंग नॅक्सन यांनी आपल्या आईकडून ऐकली होती. ते शिकागोत काम करणारे विद्युत अभियंते. भट्टीची ऊब चारी बाजूंनी सारखी लागते हे त्यांनी हेरले आणि भांड्याभोवती तापणारी तार गुंडाळून तेच साधले. १९३६ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. ते १९४० मध्ये मिळाले. ‘नॅक्सन बीनरी’ नावाने हे भांडे विकले जाई, पण फारसे गाजले नाही. १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने नॅक्सन यांचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच भांडे ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आणले. घराबाहेर नोकरी करणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढत होती, १९७३ मध्ये तेलटंचाई आली, आणि कमी वीज खाणारे हे भांडे घरोघरी पोचले.

आता मांसाकडे वळू. खांद्याचा स्नायू सतत राबणारा, म्हणून त्यात कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे धागे भरपूर असतात. कोलॅजेनचा रेणू तीन पेडांच्या दोरीसारखा असतो. तापमान ६०-७० अंश सेल्सियसच्या पुढे गेले की पेड उसवू लागतात आणि मऊ जिलेटिन तयार होते. मात्र या तापमानाला ते काम तासन्‌तास चालते. घाई असेल तर तापमान वाढवावे लागते. डेनिस पापिन यांनी १६७९ मध्ये हाडे मऊ करण्यासाठी बंद भांड्यात वाफ कोंडली, ती याच हेतूने. आपल्या प्रेशर कुकरचा हा पूर्वज. त्यात पाणी सुमारे १२० अंशांवर उकळते. दोन्ही कुकर एकाच गाठीची दोन टोके आहेत म्हणा ना! आपल्या चुलीच्या वैलावरही हेच सावकाश काम होत असे.

चीनलाही मंद आच नवी नव्हती. सू डोंगपो हा कवी १०८० मध्ये हुआंगझोऊला हद्दपार झाला. तेथे डुकराचे मांस स्वस्त होते. थोड्या पाण्यात, धीम्या विस्तवावर ते कसे शिजवावे यावर त्याने लिहून ठेवले आहे. ‘डोंगपो मांस’ आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. नूडल्सची गोष्ट नेमकी उलटी. त्यांतले स्टार्चचे कण पाणी शोषून काही मिनिटांतच फुगतात. सकाळपासून भांड्यात ठेवल्या तर संध्याकाळी खळ मिळेल.

पण खरा धोका आहे तो राजम्यात, आणि ‘बीनरी’ हे नाव आठवले की तो अधिकच विचित्र वाटतो. कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी प्रथिन असते. उकळत्या पाण्यात ते नष्ट होते. मात्र ८० अंशांच्या आसपास अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही अधिक बाधू शकतो. मंद आचेच्या भांड्यात नेमके हेच घडण्याची भीती असते. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सहलीला गेलेल्या शाळकरी मुलांनी नुसता भिजवलेला राजमा खाल्ला आणि त्यांना उलट्या सुरू झाल्या. त्या वर्षापासून १९८९ पर्यंत तेथे अशा ५० संशयित घटना नोंदल्या गेल्या. म्हणून राजमा किमान ५ तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात ३० मिनिटे खळखळून उकळावा, असे अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन सांगते. त्यानंतर तो स्लो कुकरमध्ये घालायला हरकत नाही.