चाळीस माणसं आणि तीन गाठी

बर्फात अडकलेलं गाव, बाहेर जायचा रस्ता बंद, आणि एक खून... अशी रहस्यकथा हातात आली की मी जेवणखाण विसरतो. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारपासून लागलेली सवय आहे ही. शेवटच्या पानावर गुन्हेगार सापडलाच पाहिजे, नाहीतर पैसे फुकट गेल्यासारखं वाटतं. पण गेल्या काही महिन्यांत मी अशाच एका बर्फाळ गावाची खरी गोष्ट वाचत होतो, आणि या सवयीचीच जरा भीती वाटायला लागली. म्हणून आज हे लिहायला बसलोय.

गावाचं नाव वार्डो. नॉर्वेच्या अगदी ईशान्य टोकाला, फिनमार्क प्रांतातलं एक बेट. झाड औषधालाही नाही. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, दुपारी थोडा संधिप्रकाश, बस्स. सतराव्या शतकात इथे एक लहानसा किल्ला होता, वार्डोहुस. शिवाय कोळ्यांची घरं आणि थोडं दक्षिणेला किबर्ग नावाचं दुसरं मासेमारी गाव. अख्ख्या फिनमार्कची वस्ती तेव्हा जेमतेम 3000.

24 डिसेंबर 1617. नाताळच्या आदल्या दिवशी वार्डो आणि किबर्गच्या होड्या समुद्रात असताना अचानक वादळ आलं. दहा होड्या बुडाल्या, चाळीस माणसं गेली. एवढ्याशा वस्तीत चाळीस कर्ते पुरुष! कित्येक घरांत एका दिवसात कमावणारं कोणी उरलं नाही.

आता प्रश्न. या चाळीस जणांना कोणी मारलं?

तुम्ही म्हणाल, वादळानं. पण त्या वेळच्या लोकांना एवढं उत्तर पुरेसं वाटेना. त्याच वर्षी डेन्मार्क-नॉर्वेचा राजा चौथा ख्रिस्तियान यानं चेटूक करणाऱ्यांविरुद्ध फर्मान काढलं होतं. सैतानाशी करार करणाऱ्याला मृत्युदंड. ते फर्मान फिनमार्कमध्ये वाचून दाखवलं गेलं 1620 मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी किल्ल्यावर नवा अधिकारी आला होता, जॉन कनिंगहॅम, मूळचा स्कॉटलंडचा. आणि स्कॉटलंडमध्ये 1590-91 च्या सुमारास काय झालं होतं? तिथला राजा सहावा जेम्स डेन्मार्कहून नवी राणी घेऊन येताना जहाजं वादळात सापडली, आणि ते वादळ चेटकिणींनी मिळून उठवलं असं ठरवून लोकांना जाळलं गेलं. वादळ आलं की चेटकीण शोधायची, आणि एक सापडली की तिच्या टोळीतल्या बाकीच्या शोधायच्या, ही कल्पना अशी समुद्रावरून प्रवास करत आली असावी, असं लिव्ह हेलेन विलुमसेन या नॉर्वेच्या इतिहासकार बाई मांडतात. त्यांनी हे खटले आयुष्यभर अभ्यासलेत.

1621 मध्ये खटले सुरू झाले. किबर्गच्या मारी योर्गेन्सदात्तरनं कबुली दिली की सैतान तिच्याकडे आला होता. काही जणींना हातपाय बांधून समुद्रात टाकलं गेलं. तरंगली तर दोषी. पाणी पवित्र, ते पाप्याला पोटात घेत नाही, असा त्यामागचा तर्क. आणि मग एल्से क्नुत्सदात्तरकडून ‘उत्तर’ मिळालं. मासेमारीच्या दोरीला तीन गाठी मारल्या, त्यावर थुंकलो, गाठी सोडल्या, आणि वादळ आलं. कबुलीजबाबांत जिचं नाव म्होरकी म्हणून आलं, त्या किर्स्ती सोरेन्सदात्तरला 28 एप्रिल 1621 रोजी जाळण्यात आलं.

रहस्यकथेच्या नियमानं बघा ना. गुन्हा आहे, हत्यार आहे, साथीदार आहेत, कबुलीसुद्धा आहे. सगळं जुळतं. फक्त गुन्हा घडलेलाच नाही.

गोष्ट इथे थांबली नाही. 1692 पर्यंत फिनमार्कमध्ये 135 जणांवर खटले झाले आणि 91 जीव गेले. 77 बायका आणि 14 पुरुष. पुरुषांत बरेचसे सामी, म्हणजे तिथले मूळचे लोक. शेवटचा आरोपी आंदेर्स पोल्सेन हा म्हातारा सामी. त्याचा गुन्हा, मंतरलेला ढोल बाळगणं. निकाल लागायच्या आधीच कैदेत एका वेड्या माणसानं त्याला कुऱ्हाडीनं मारलं. त्याचा ढोल डेन्मार्कला गेला, आणि सामी लोकांच्या मालकीचा परत झाला तो थेट 2022 मध्ये.

पण मला झोपू दिलं नाही ते 1662-63 च्या खटल्यांनी. तिथे आरोपींत लहान मुली होत्या. काहींच्या आया आधीच जाळल्या गेलेल्या. या मुली न्यायालयात सांगत होत्या, आम्ही मांजरी झालो, सैतानानं आम्हाला नेलं... आणि त्यांच्या जबानीत मोठ्या बायकांची नावं येत होती. मोठी माणसं ते गंभीरपणे लिहून घेत होती. पुढे 1663 मध्ये वरच्या न्यायालयानं मुलींना सोडलं. पण तोवर कितीतरी बायका संपल्या होत्या.

इथे मला एक कबुली द्यायचीय, न छळता. आजोळच्या मंडळींना ओढ्यापलीकडची ती एकटी राहणारी म्हातारी आठवत असेल. कोणाची म्हैस आटली की नजरा तिच्या घराकडे वळायच्या. मी तेव्हा आठ वर्षांचा असेन. एका संध्याकाळी सगळे माझ्याकडे बघत होते म्हणून मी सांगून टाकलं की तिला गोठ्यामागे लिंबं पुरताना मी पाहिलंय. पाहिलं नव्हतं. कोणी तिला मारलं नाही, जाळलं नाही. पण त्यानंतर तिला विहिरीवर सगळ्यांचं झाल्याशिवाय पाणी भरता येईना. मला मात्र त्या रात्री आजीनं दोन लाडू दिले.

वार्डोत 23 जून 2011 ला स्टाइल्नेसेट इथे स्मारक उघडलं. पेटर झुमथोर या वास्तुरचनाकारानं समुद्राकाठी लाकडी चौकटीवर कापड ताणून एक लांबलचक अंधारं दालन बांधलंय. त्यात 91 छोट्या खिडक्या, प्रत्येकीत एक दिवा, आणि शेजारी त्या त्या व्यक्तीची हकिकत, न्यायालयाच्या दप्तरातून काढलेली. बाजूच्या काचेच्या खोलीत लुईज बूर्ज्वा यांची जळती खुर्ची. मी फक्त फोटो पाहिलेत.

नंतर कोणी धीर करून विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं का, कोण जाणे. विचारलं मात्र कोणी नाही. उत्तर मिळालेलं होतं ना.

ती म्हातारी गेल्याला पस्तीस वर्षं झाली. एक दिवा माझ्याकडून लावायचा राहिलाय, म्हणून हे लिहिलं.