‘मित्राची गोष्ट’ ते ‘कारी’ : स्त्री-स्त्री प्रेमाचे चित्रण आणि चित्रमालिकेचे माध्यम

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम हा विषय आडपडद्याने न सुचविता तेंडुलकरांनी तो नाटकाच्या मध्यभागी आणून ठेवला. नायिका सुमित्रा देव हिला सारे ‘मित्रा’ म्हणतात. ही भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. शीर्षकातील श्लेष मराठीतच संभवणारा आहे. ‘मित्राची’ हे ‘मित्र’ या शब्दाचेही षष्ठीचे रूप आहे आणि ‘मित्रा’ या नावाचेही. पण ही गोष्ट मित्रा स्वतः सांगत नाही. ती सांगतो बापू, तिच्या प्रेमात पडलेला तिचा सहाध्यायी. प्रेक्षकास मित्रा दिसते ती बापूच्या आठवणीतून आणि बापूच्या हळहळीसह. नाटकाच्या अखेरीस ती आत्महत्या करते. सहानुभूतीने लिहिलेल्या नाटकातही नायिकेला मरावे लागते आणि तिची कथा पुरुषाच्या मुखी असते, या दोन गोष्टींची नोंद घेतल्यावाचून पुढील इतिहास उलगडत नाही.

नाटकातील नमा या पात्राकडे समीक्षेचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. महाविद्यालयीन नाटकात मित्रा पुरुषाची भूमिका करते, नमा स्त्रीची, आणि तेथून दोघींचे प्रेम सुरू होते. मात्र नमाचा दळवी नावाच्या तरुणाशीही संबंध आहे. आजच्या परिभाषेत तिला उभयलैंगिक म्हणता येईल. नाटकात ती केवळ चंचल आणि दुबळी ठरते. दोन्हींकडे मन ओढणारी स्त्री म्हणजे कोणा एकाला फसविणारी स्त्री, हा ग्रह नाटककाराने तपासलेला दिसत नाही. परिभाषाही येथे साहाय्य करीत नाही. ‘उभयलिंगी’ हा शब्द मराठी विद्यार्थ्यास प्रथम भेटतो तो गांडुळाच्या वर्णनात, आणि तेथे तो शरीररचनेचा वाचक आहे. आकर्षणाच्या अर्थाने तोच शब्द योजिला की एक गैरसमज आपोआप पदरी येतो. म्हणून ‘उभयलैंगिक’ हेच रूप अधिक इष्ट होय.

पुढल्याच वर्षी, १९८२ मध्ये, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर आधारलेला जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ आला. त्याचीही पटकथा तेंडुलकरांचीच. त्यात स्त्रियांच्या सुधारगृहातील दोघींचे प्रेम आहे, पण ते आश्रमाच्या अनेक समस्यांपैकी एक म्हणून.

रेखाटलेल्या चित्राची मराठी परंपरा या काळात फार वेगळ्या वाटेने चालली होती. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेल्या ‘आवाज’ या दिवाळी अंकातील खिडकीचित्रे सर्वश्रुत आहेत. पहिल्या पानावरील चौकटीतून काहीतरी सूचक दिसावे आणि पान उलटताच भलतेच निरुपद्रवी चित्र निघावे, ही त्यांची खुबी. या विनोदात स्त्री ही पाहण्याची वस्तू होती. पाहणारा पुरुष गृहीतच होता. स्त्रीकडे स्त्रीने पाहावे ही शक्यता विनोदापुरतीही त्या खिडकीत मावणारी नव्हती. वर्तमानपत्री चित्रमालिकेने, उदाहरणार्थ १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये आलेल्या ‘चिंटू’ने, घरगुती निरागसतेचा मार्ग धरला. तो आपल्या जागी योग्यच होता.

अशा स्थितीत २००८ साली अमृता पाटील यांची ‘कारी’ ही चित्रकादंबरी प्रसिद्ध झाली. लेखिकेचा जन्म पुण्याचा, वाढ आणि चित्रकलेचे शिक्षण गोव्यातील; ग्रंथ मात्र इंग्रजीत. त्याच्या आरंभीच कारी आणि रूथ या प्रेयसी उंच इमारतींवरून उडी घेतात. रूथ जाळ्यात अडकून वाचते आणि शहर सोडून जाते. कारी गटारात पडते व तीही वाचते. मित्रेच्या बाबतीत जे अखेरीस घडले ते येथे पहिल्या काही पानांतच घडून जाते. उरलेला ग्रंथ जगण्याचा आहे : जाहिरातसंस्थेतील नोकरी, मैत्रिणींबरोबर भाड्याने घेतलेले घर, कर्करोगाने मरणाऱ्या एंजलची सोबत, आणि रात्री शहराच्या गटारांतून होडी वल्हविणारी कारी. शेवटी ती पुन्हा कठड्यावर उभी राहते आणि मागे फिरते. निवेदन तिचेच आहे. चित्रे बव्हंशी काळीपांढरी असून मधूनच रंग उसळतो. पहिल्याच चित्रात फ्रिडा कालोच्या ‘दोन फ्रिडा’ या चित्राचा पडसाद आहे. बापूची मध्यस्थी येथे संपली, हा या ग्रंथाचा ऐतिहासिक विशेष होय. तो प्रसिद्ध झाला तेव्हा दंडसंहितेचे ३७७ वे कलम पूर्णपणे अंमलात होते. दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय २००९ चा. २०१३ मध्ये तो फिरविला गेला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांपुरते ते कलम निष्प्रभ केले.

पण एका ग्रंथाला आरंभ असतो आणि शेवट असतो. नमासारख्या पात्राला हवा असतो तो दीर्घ काळ. आज पुरुषावर आणि काही वर्षांनी स्त्रीवर प्रेम करणारी व्यक्ती एकाच प्रसंगात दाखविली, की वाचक तिला या किंवा त्या रकान्यात टाकून मोकळा होतो. आंतरजालावरील चित्रमालिकेने, म्हणजे वेबकॉमिकने, नेमका हा काळ उपलब्ध करून दिला. तिची पूर्वपीठिका छापील आहे : अमेरिकेत ॲलिसन बेक्डेल यांची स्त्रीसमलिंगी समाजावरील मालिका १९८३ ते २००८ अशी पंचवीस वर्षे चालली आणि तिच्यातील पात्रे वाचकांबरोबरच वयाने वाढली. मेगन रोझ गेड्रिस यांची ‘यू प्लस मी : ड्रीम’ २००४ ते २०१० या काळात थेट आंतरजालावर चालली. जेफ जाक यांच्या २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘क्वेश्चनेबल कंटेंट’मधील फे हिचे आधीचे संबंध पुरुषांशी आहेत, पुढे ती बबल्स या स्त्रीरूपी यंत्रमानवावर प्रेम करू लागते. पहिले प्रेम खोटे होते असे सिद्ध करण्याची तिला गरज पडत नाही. नमाला जे मिळाले नाही ते फेला मिळाले, आणि त्याचे श्रेय कलावंताच्या उदारतेइतकेच माध्यमाच्या लांबीलाही आहे.

दुसरा भेद वाचनस्थळाचा. नाटक वा चित्रपट चारचौघांच्या देखत पाहावा लागतो. दीपा मेहता यांचा ‘फायर’ लागला असता डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईच्या चित्रपटगृहांत मोडतोड झाली, तेव्हा तिकीट काढून बसणे हीच एक जाहीर भूमिका ठरली. ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आली त्या वर्षी पनवेल तालुक्यातील उलवे हे आगरी-कोळी वस्तीचे, भातशेतीचे गाव होते. आज ते सिडकोने आखलेले उपनगर आहे. तेथील तरुणीस असे नाटक पाहावयाचे तर वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहासारख्या ठिकाणी जावे लागेल, आणि जाताना घरी काही सांगावे लागेल. चित्रमालिका तिच्या हातातील फोनवर येते. कोणासही काही सांगावे लागत नाही. या एकांताला किंमतही आहे. नाट्यगृहात निदान शेजारच्या खुर्चीवरील अनोळखी स्त्री दिसत असे.

मराठीत अशी मालिका रचावयाची तर एक व्याकरणाची अडचण प्रथम येईल, आणि ती क्षुल्लक नाही. इंग्रजीत कारी स्वतःविषयी बोलते तेव्हा क्रियापद तिचे लिंग उघड करीत नाही. मराठीत ‘मी आले’ म्हणावे की ‘मी आलो’, हे पहिल्याच फुग्यात ठरवावे लागते. महाविद्यालयीन नाटकात पुरुष झालेल्या मित्रेला रंगमंचावर ‘आलो’ शोभते, पडद्यामागे ‘आले’. होडी वल्हविणाऱ्या कारीच्या तोंडी काय घालावयाचे, हे भाषांतरकारास चित्र पाहूनच ठरवावे लागेल.